ताटातला भात कोठे जातो?

आपण ताटात टाकलेला भात कोठे जातो? मुंबईचा बराचसा कचरा वर्षानुवर्षे देवनारच्या कचराभूमीवर साठत गेला. ढिगाखाली हवा मिळत नाही. तेथे अन्न कुजून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो आणि सहज पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. धुरामुळे आसपासच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली.

म्हणून दस्तरखानावर बसलात की भूक असेल तेवढेच वाढून घ्या. हवे तर पुन्हा मागा. रात्री उरलेला भात झाकून थंड जागी ठेवा, सकाळी त्याला फोडणी द्या. भाज्यांची साले कुंडीतील मातीत पुरा. त्यांचे खत होईल. आज जेवण झाल्यावर आपले ताट एकदा नीट पाहा!