कुलूपबंद स्फुरद

मेसच्या भाताला आपण रोज नावे ठेवतो. पण त्याच भाताच्या मुळाशी केमिस्ट्रीचा एक झकास प्रॉब्लेम दडलेला आहे. मी कोकणातला, घरी भातशेती. दर पावसाळ्यात खताच्या खर्चावरून घरात वाद ठरलेला, म्हणून हा विषय वाचायला घेतला.

डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत खताच्या हिशोबाने २३ किलो स्फुरद असते. पहिल्या हंगामात पिकाला त्यातले थोडेच मिळते. बाकीचे जाते कुठे? जांभ्या जमिनीची माती आम्लधर्मी, तिच्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर. ती स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. थोडक्यात काय, पैसे लॉकरमध्ये आहेत, पण किल्ली नाही! शिवाय स्फुरद मातीत फार हळू सरकते. मुळाजवळच्या एक-दोन मिलिमीटरमधला साठा संपला की मूळ उपाशी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला बायोचार. भाताचे तूस अगदी कमी हवेत साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवले की सच्छिद्र कोळसा मिळतो. तो अल्कधर्मी असल्याने मातीची आम्लता घटते आणि स्फुरदावरची पकड सैल होते. दुसरा उपाय मायकोरायझा नावाची बुरशी. ती मुळात शिरते, बाहेर काही सेंटिमीटरपर्यंत धागे पसरते आणि लांबचे स्फुरद मुळाला आणून देते. बदल्यात रोपाकडून साखर घेते. व्यवहार एकदम चोख!

पण या बुरशीला ऑक्सिजन लागतो आणि पाणी तुंबलेल्या खाचरात तोच नसतो. म्हणून ती द्यायची रोपवाटिकेत, म्हणजे लावणीआधीच मुळात शिरते. वरकस जमिनीवरच्या भातालाही ती चालते.

आमच्याकडे राब भाजतात. पण उघड्यावर जाळल्याने बहुतेक राखच उरते. ती पावसात लवकर धुपते. बायोचार मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

हे सगळीकडे चालेल असे मात्र नाही. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियम अडवते. ती आधीच अल्कधर्मी, तिथे बायोचारने उलटाच परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी माती परीक्षण, मग एका वाफ्यात बायोचार व बुरशी, शेजारच्यात नाही, अशी तुलना. तोवर खताची मात्रा कमी करू नये. प्रयोग फसला तर वर्षाचे धान्य जाते.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, गावात बनेल अशी, कमी धुराची, स्वस्त भट्टी हा फायनल इयरचा प्रोजेक्ट का होऊ नये? बोला, आहे कोणी तयार?