चोक ओढला की नेमकं काय होतं? (इयत्ता पाचवी, पूरक पाठ)



शिरूरहून न्हावरा, पारगाव करत चौफुल्याच्या बाजूला नोकरीला जाणारे आपल्यातले बरेच जण आहेत. जानेवारीत भीमेच्या पुलावर धुकं असतं, आणि माझी गाडी म्हणजे जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर. सकाळी चोक दिल्याशिवाय ती दाद देत नाही.

परवा वर्गात 'हवा' शिकवताना मी सहज सांगून टाकलं, "चोक ओढला की जास्त पेट्रोल सुटतं." मागून एक हात वर आला. "नाही सर, चोक हवा अडवतो. पप्पा सांगतात." पप्पांचं गॅरेज आहे. मी "बघू उद्या" म्हणून पुढे गेलो. हे माझं चुकलंच.

शाळा सुटल्यावर गॅरेजवर गेलो. त्यांनी स्प्लेंडरचा कार्बोरेटर खोलून दाखवला. हवा आत येते त्या तोंडाशी एक पातळ झडप असते, चोक दिला की ती मिटते. म्हणजे पोरगं बरोबर! कोपऱ्यात एक जुनी चेतक उभी होती, आपल्या आकुर्डीला तयार झालेली. तिच्यात मात्र झडप नाही. चोक ओढला की एक छोटा दट्ट्या उचलला जातो आणि पेट्रोलची वेगळी बारीक वाट उघडते. म्हणजे चेतकपुरता मीही बरोबर. काम दोन्हीकडे एकच, हवेच्या मानाने पेट्रोल वाढवायचं.

पण वाढवायचं कशाला? एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 15 ग्रॅम हवा लागते. पेटते ती पेट्रोलची वाफ, थेंब नाही. थंड इंजिनात पुरेशी वाफ होत नाही, बरंचसं पेट्रोल आतल्या भिंतींना थेंबांसारखं चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला जास्तीचं द्यावं लागतं. इंजिन तापलं की तेवढंच पेट्रोल जास्त होतं, म्हणून चोक बंद करायचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात स्ट्रॉ आणि लिंबू सरबत नेलं. स्ट्रॉला सरबताच्या वर टाचणीने मोठंसं भोक पाडलं. ओढलं तर हवाच जास्त येते. भोकावर बोट ठेवलं की सरबत भरभर वर! बोट म्हणजे स्प्लेंडरचा चोक. मुलांना दोन मिनिटांत कळलं. (सरबत संपलं तरी प्रयोग संपेना, तो भाग वेगळा.)

आता पालकांच्या कामाचं. चोक देऊनही गाडी चालू होत नसेल तर आधी पेट्रोलचा कॉक बघा, मग प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. तो पुसून बसवा, चोक बंद करा, रेस पूर्ण पिळून चार-पाच किका मारा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, बहुतेक कुठेतरी कचरा अडकलेला असतो. प्लग काढलेला असताना जवळ बिडी-काडी नको.

गाडी तापल्यावरही चोक बंद केला की बंद पडते, ही तक्रार फार ऐकू येते. लोक मग चोक ओढूनच गाडी पळवतात. तसं करू नका. जेटमध्ये कचरा असतो, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनच्या जोडातून फुकटची हवा आत शिरत असते. याउलट काळा धूर, काळा पडलेला प्लग आणि घटलेलं ॲव्हरेज दिसलं, तर चोक मागे नीट फिरतोय का ते आधी बघा. केबल असेल तर ती अडकते.

आणि चोक देऊन गाडी बंद पडवीत किंवा शटरच्या आत तापवत ठेवू नका. अशा वेळी धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला वास नसतो, पोरं आतल्या खोलीत झोपलेली असतात.

मुलांना घरचा अभ्यास दिलाय : एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 मोटरसायकलींना चोक का दिसत नाही, ते घरी विचारून या. एकाने लगेच सांगितलं, "सर, त्यांना थंडी वाजत नाही." बाकीची उत्तरं सोमवारी.