आधी हिशेब, मग विद्यापीठ

नारायणगड, ता. जि. बीड

चि. बाळास,


कॉम्प्युटरच्या एम.एस.साठी निवडलेल्या विद्यापीठांची तुझी यादी मिळाली. ‘मामा, यातलं कुठलं घेऊ?’ असं विचारलंस. मला त्या विद्यापीठांची पारख नाही. पण बँकेत सगळी नोकरी कर्जखात्यांवर झाली, त्यामुळे कुठल्या घराला किती कर्ज झेपतं, एवढं नक्की कळतं. त्या बाजूने लिहितो.

यादीत प्रत्येक नावापुढे तू फक्त रँकिंग लिहिलं आहेस. रँकिंग सहसा अख्ख्या विद्यापीठाचं असतं आणि त्यात संशोधनाला मोठं वजन असतं. तू शिकणार एका विभागात. त्या विभागाची विषयांची यादी उघडून बघ. सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक विषय खरोखर दरवर्षी शिकवतात का, प्रबंध आहे का, हे तपास. ‘डेटा सायन्स’ या एकाच नावाखाली एकीकडे पक्कं गणित असतं, तर दुसरीकडे निम्मं मॅनेजमेंट. तिथे शिकत असलेल्या दोन-तीन मराठी मुलांना गाठून विचार. एजंटला विचारू नकोस. अनेक एजंटांना प्रवेशामागे कमिशन मिळतं, ते तुझ्या सोयीचं कशाला सांगतील?

आता देश. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ यादीत असेल तर आणखी दोन वर्षं. त्यापुढचा एच-१बी व्हिसा वर्षाला ८५ हजारच आणि तोही सोडतीने. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं गेलं. इंग्लंडचं एम.एससी. वर्षात आटोपतं, पण पदवीनंतर थांबण्याची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ पासून १८ महिन्यांवर येते आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिक्षणशुल्क नाही. मात्र म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली आहे. जर्मनीत एका वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी जर्मन भाषा शिकावी लागते. तू पास होईपर्यंत नियम आजचेच राहतील, असं कुठेच धरू नकोस.

कर्जाचं बोलू. समज, ४० लाख घेतले आणि व्याज साडेदहा टक्के. दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ५४ हजार बसतो; शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. कसोटी एकच: नोकरी न लागता परत यावं लागलं, तर पुण्यातल्या पगारात हा हप्ता भरता येईल का? येत नसेल तर तो अभ्यासक्रम तुझ्यासाठी नाही, मग रँकिंग काहीही असो. एवढ्या रकमेला बँक बहुधा तारण मागते आणि शेतजमीन सहसा घेत नाही, घर, एन.ए. प्लॉट किंवा ठेव लागते. म्हणजे गोष्ट घरावर येते. नाहीतर जमीन विकण्यावर.

म्हणून शिष्यवृत्त्या आधी बघ. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी ‘सारथी’ संस्थेची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. तुला कुठली लागू होते ते बघ आणि अटी मूळ जाहिरातीतच वाच. इथे मात्र रँकिंगला अर्थ आहे, कारण पात्रता त्यावरही ठरते.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परतावं लागलं. पैशांची जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही पैशाने अडवलं. तेव्हा हिशेब मांडण्यात कमीपणा मानू नकोस, आणि एखादं वर्ष इथे नोकरी करून मग जायला लागलं तरी खचू नकोस.

यादीतली तीनच नावं ठेव. प्रत्येकापुढे विषय, एकूण खर्च, हप्ता आणि परत आल्यावरचा मार्ग लिही आणि तो कागद घेऊन इकडे ये. दाजींपुढे जमिनीचा विषय त्याआधी काढू नकोस.

तुझा,
मामा