काचेची पेटी आणि खालच्या घराचे छत

मुंबईत दादर आणि परळ यांच्यामध्ये हिंदमाता नावाचा भाग आहे. तिथल्या हिंदमाता सिनेमागृहावरून हे नाव पडले. जवळच नायगाव, भोईवाडा, लालबाग. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून माणसे इथे कामाला आली. चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहिली. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. तरी आपल्या गावचे कुणी ना कुणी तिकडे आहेच. कुणाचा मुलगा, कुणाची लेक-जावई. म्हणून हा धडा.

हिंदमाताचा भाग खोलगट आहे, एखाद्या ताटलीसारखा. मोठा पाऊस आला आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली, की पाणी समुद्राकडे जात नाही. ते रस्त्यावर साचते. माणसे गुडघाभर पाण्यातून चालतात. अलीकडे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. साचणारे पाणी पंपाने तिकडे न्यायचे, हा त्यामागचा विचार. पाण्याला आपण जागा नेमून दिली नाही, तर ते आपली जागा आपणच शोधते. रस्त्यावरच्या पाण्याची ही गोष्ट घरातल्या पाण्यालाही लागू आहे.

मासे घरी येतात

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. गावाहून पाहुणा आला, की राणीची बाग दाखवायची, तसे हे मत्स्यालयही दाखवायचे, अशी रीत पडली. काचेआडचे रंगीत मासे पाहून पोरे हट्ट धरत, "आपल्या घरी पण आणू या ना!" क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला असे मासे विकत मिळतात. दोन फुटी पेटी, थोडी वाळू, चार मासे. खोली लहान असली तरी कोपरा उजळून जातो. थकून आलेला माणूस घटकाभर तिकडे बघत बसतो.

हौस वाईट नाही. पण घर भाड्याचे, आणि आपली जमीन म्हणजे खालच्या घराचे छत. हे विसरून चालत नाही.

आधी वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. आता पेटी मोजू. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. तिन्हींचा गुणाकार ५४,०००. याला १,००० ने भागले, की लिटर मिळतात. म्हणजे ५४ लिटर. घरातल्या मोठ्या बादल्यांनी मोजले, तर तीन बादल्या पाणी. काच, वाळू आणि खालचा घोडा धरून सगळे वजन सत्तर-ऐंशी किलोवर जाते. एक मोठा माणूस रात्रंदिवस एकाच जागी उभा आहे, असे समजा.

गिरगाव-लालबागच्या पुष्कळ जुन्या चाळींत मजला लाकडी तुळयांवर असतो. अशा घरात पेटी खोलीच्या मध्यावर ठेवू नये. जाड, पक्क्या भिंतीच्या कडेला ठेवावी. घोड्याचे पाय एकाच तुळईवर न येता दोन-तीन तुळयांवर वजन वाटले जाईल, असे पाहावे. तीन-चार फुटी पेटी जुन्या चाळीत नकोच. लहान पेटीत हौस भागते.

पेटी आणल्यावर

पेटीच्या काचा सिलिकॉन नावाच्या रबरासारख्या डिंकाने चिकटवलेल्या असतात. हा डिंक वर्षांनी जुना होतो, सुटतो. म्हणून पेटी नवी असो की कुणाची वापरलेली, आधी मोरीत ठेवावी. पाण्याने भरावी. खाली कोरडा कागद घालावा. एक दिवस आणि एक रात्र तशीच राहू द्यावी. कागद कोरडा राहिला, तर पेटी घरात घ्यावी. भिजला, तर दुकानदाराकडे परत न्यावी.

पेटीखाली थर्माकोलचा पत्रा घालावा. घोडा सपाट हवा. सपाट आहे की नाही, हे कसे कळेल? पेटीत थोडे पाणी घाला. चारी कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. चारी माप सारखे आले, तर ठीक. एका बाजूला कल असेल, तर काचेवर ताण येतो आणि एक दिवस ती तडकते. पाणी भरलेली पेटी कधीही उचलू नये, सरकवूही नये. सांधा तिथेच सुटतो.

नळीची करामत

माशांना हवा मिळावी म्हणून छोटा पंप लावतात. त्याची बारीक नळी पाण्यात सोडलेली असते. आता पिंपातून रॉकेल कसे काढतात ते आठवा. नळीचे एक टोक पिंपात, दुसरे खाली. एकदा ओढले, की रॉकेल आपोआप वाहत राहते. इथेही तसेच होते. पंप पेटीच्या खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी उलटे नळीत चढते आणि पंपातून जमिनीवर उतरते. माणसे झोपलेली असतात. सकाळी खोलीत तळे!

उपाय सोपा आहे. पंप पेटीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच, भिंतीवर टांगावा. किंवा नळीत 'नॉन-रिटर्न वॉल्व्ह' बसवावा. तो फार महाग नसतो. हवा जाऊ देतो, पाणी परत येऊ देत नाही.

विजेची वायर प्लगापाशी येण्याआधी थोडी खाली लोंबू द्यावी. वायरीवरून आलेला थेंब त्या लोंबत्या भागावरून खाली पडतो, प्लगात शिरत नाही. आणि पेटीत हात घालण्याआधी बटण बंद, हा नियम मोडू नये.

पाणी बदलताना

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढावे, तेवढेच नवे घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये, मासे मरतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माणसांना चालतो, माशांना बाधतो. म्हणून ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस आणि एक रात्र ठेवून मग वापरावे.

सगळ्यांत जास्त सांडलवंड इथेच होते. नळाला पाइप लावून पेटीत सोडतात आणि गॅसवरचे दूध बघायला जातात. तेवढ्यात पेटी भरून वाहते. म्हणून पाइप नको, बादली आणि तांब्या घ्या. जुने पाणी मोरीत ओतून फुकट घालवू नका. तुळशीला, कुंडीला घाला. झाडे चांगली वाढतात. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या धरणांतून येते. त्याची किंमत जाणावी.

थोडीशी ओल काय करते?

एकदम सांडलेले पाणी दिसते, पुसता येते. हळूहळू झिरपणारे पाणी दिसत नाही. लाकडी तुळई ओली राहिली, की कुजते. सिमेंटच्या छतात लोखंडी सळ्या असतात. त्यांना गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो आतून सिमेंटला ढकलतो आणि छताचे पोपडे खाली पडतात. खाली कुणाचे मूल झोपलेले असेल, तर?

यासाठी पेटीवर पाण्याच्या पातळीशी पेनाने खूण करावी. पाणी रोज थोडे उडते, तेवढे कमी होणारच. पण एखाद्या दिवशी एकदम उतरले, तर समजावे, कुठेतरी गळती आहे. मग क्रम असा : आधी बटण बंद. मग मासे पेटीतल्याच पाण्यासह बादलीत. मग पेटी रिकामी. मग जमीन पुसणे. आणि लगेच खालच्या घरी जाऊन सांगणे. लपवू नये. ओल लपत नाही.

शेजाऱ्याला आधी सांगा

समजा, वरच्या मजल्यावरची सून पेटी आणण्याआधी खाली गेली.

"काकू, आम्ही घरात माशांची पेटी ठेवतोय. तुमच्या छताला कधी ओल दिसली, तर रात्री-अपरात्री हाक मारा."

"बरं झालं बाई, सांगितलंस. आमच्या देव्हाऱ्यावर तर नाही ना येणार?"

"नाही काकू, भिंतीकडेला. तुमच्या कपाटाच्या वर येईल."

"मग कपाटावरची ट्रंक मी बाजूला काढून ठेवते."

एवढे बोलणे झाले, की पुढची दहा भांडणे टळली.

कागद वाचा

इमारतीची दुरुस्ती ठेवणे हे मालकाचे काम आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसे लिहिले आहे. पण भाडेकरूने जागेची नासधूस केली, तर मालक जागा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याचे डिपॉझिट मालकाकडे असते. नुकसान झाले, तर त्यातून पैसे कापण्याची अट करारात असू शकते. तेव्हा करार वाचावा. आता आपल्याला अक्षर येते. अंगठा उठवून मोकळे होण्याचे दिवस गेले. शंका असेल तर मालकाला विचारावे आणि परवानगी लिहून घ्यावी.

गावी जाताना

गणपतीला, शिमग्याला मुंबईकर गावी येतो. खोलीला कुलूप, आत मासे. अशा वेळी शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. खाणे लहान पुड्या बांधून द्यावे, एका दिवसाआड एक पुडी. मोठे मासे चार-सहा दिवस उपाशी राहू शकतात. पण जास्त खाणे पडले, तर पाणी नासते आणि मासे मरतात.

हौस संपली, तर पेटी पाणी ठेवून सोडून देऊ नका. मासे असलेल्या पाण्यात डासांची अळी टिकत नाही, मासे ती खातात. नुसत्या साचलेल्या पाण्यात मात्र आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. त्यातूनच डेंग्यू येतो. पेटी कोरडी करून उपडी घाला. मासे गटारात किंवा ओढ्यात सोडू नका. दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

गावातही आता पक्की घरे होत आहेत. घरावर घर चढते आहे. वरच्याने पाणी सांभाळले, तर खालचा सुखाने झोपतो.

प्रश्न

१. लांबी ४५, रुंदी ३०, उंची ३० सेंटिमीटर अशा पेटीत किती लिटर पाणी मावेल? त्याचे वजन किती किलो?

२. पंप पाण्याच्या पातळीहून उंच का टांगावा?

३. पेटी गळू लागली, तर पहिले काम कोणते? शेवटचे कोणते?

४. तुमच्या घरात, गोठ्यात किंवा अंगणात पाणी कुठे साचते? त्याला वाट कशी काढाल? चार ओळी लिहा.