संगणकालाही दृक्प्रत्यय हवा

जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात पाच वेधशाळा उभारल्या. त्यांपैकी एक उज्जैनला आहे. जुन्या कोष्टकांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली होती, हे त्या खटाटोपाचे एक मुख्य कारण. गणिताने आलेले उत्तर प्रत्यक्ष वेधाशी जुळणे, याला आपले ज्योतिर्विद ‘दृक्प्रत्यय’ म्हणतात. उज्जैनला राहून संगणकशास्त्र शिकवताना मला हा शब्द फार उपयोगी पडतो. आज्ञावल्या आपोआप सर्व्हरवर चढवण्याचा विषय मी त्याच्याच आधारे मांडणार आहे.

आज्ञावलीच्या फाइली, त्यांतील प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, जेथे ठेवतात त्या भांडाराला रिपॉझिटरी म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली गिट ही यासाठीची आजची सर्वांत रूढ प्रणाली. भांडारात बदल दाखल होताच नवी आवृत्ती आपोआप सर्व्हरवर जावी, अशी योजना करता येते. परंतु किरकोळ टिपण दुरुस्त केले म्हणून सारे काम पुन्हा कशाला? यासाठी ‘अमुक फाइली बदलल्या तरच काम सुरू करावे’ असा नियम घालतात. गिटहब ॲक्शन्समध्ये तो ‘पाथ्स’ या शब्दाने लिहितात, तर गिटलॅबमध्ये ‘चेंजेस’ या शब्दाने.

समजा, उज्जैनच्या सूर्योदयाचे वार्षिक कोष्टक दाखवणारी आज्ञावली आपण लिहिली. तिच्या तीन फाइली आहेत : स्थळाचे अक्षांश-रेखांश, गणित आणि पानाची सजावट. पहिल्या दोहोंपैकी एखादी बदलली, तर कोष्टक नव्याने काढायचे. केवळ सजावट बदलली, तर फक्त पान चढवायचे. नियम सरळ दिसतो.

आता स्थळाच्या फाइलीत कोणी राष्ट्रीय पंचांगाच्या मध्यवर्ती स्थानाचे आकडे घातले आहेत असे धरू. त्या स्थानाचे अक्षांश २३°११′ असून ते उज्जैनचेच आहेत, म्हणून चूक चटकन ध्यानात येत नाही. रेखांश मात्र ८२°३०′ आहेत. उज्जैनचे सुमारे ७५°४६′. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने कोष्टकातील सूर्योदय सुमारे २७ मिनिटे आधीचा येतो. सोमवारी ही चूक दुरुस्त होऊन भांडारात दाखल झाली, पण नेटवर्क तुटल्याने नवे कोष्टक सर्व्हरवर पोचले नाही. मंगळवारी कोणी पानाचा रंग बदलला. नियमाने मंगळवारच्या दाखल्याची तुलना सोमवारच्या दाखल्याशी केली. स्थळाची फाइल तर तीच! म्हणून कोष्टकाचे काम वगळले गेले, पान चढले आणि हिरवी खूण उमटली. भांडारात बरोबर रेखांश आहेत, लोक मात्र चुकीची वेळ वाचत आहेत.

येथे नियमाने सांगितले तेवढे केले. त्याने वहीतील दोन नोंदी एकमेकींशी ताडल्या. सर्व्हरवर काय आहे, ते पाहिलेच नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेली ‘मेक’ ही जुनी आज्ञावली या बाबतीत अधिक सावध होती. मूळ फाइलीची वेळ ती तयार मालाच्या वेळेशी ताडते. माल जुना असेल, तर तो कितीही दिवसांनी पुन्हा घडवते.

यावरून तीन पथ्ये निघतात. पहिले, फाइलींच्या यादीत आज्ञावलीबरोबर तिला लागणारे आकडे, सामाईक फाइली आणि खुद्द नियमाची फाइलही असावी. दुसरे, शेवटी यशस्वीपणे चढलेल्या आवृत्तीचा क्रमांक नोंदवून ठेवावा आणि तुलना त्याच्याशी करावी. तिसरे, काम संपल्यावर सर्व्हरलाच एका ठरावीक दिवसाचा सूर्योदय विचारून उत्तर पडताळावे.

विद्यार्थी मित्रहो, वगळलेले काम आणि न लागणारे काम ही पडद्यावर सारखीच दिसतात. त्यांतील भेद ओळखायचा तर वेध घ्यावा लागतो. हिरवी खूण हे गणित झाले. दृक्प्रत्यय सर्व्हरवरच मिळतो.