कोरीव आस्वादफळी : सुतारकामातील एक नवे काम

बिलोली तालुका मांजरा नदीच्या काठी, तेलंगणाच्या सीमेला लागून वसलेला आहे. इतर मराठवाड्याप्रमाणे येथील सुताराचेही आयुष्य शेतीशी बांधलेले होते. बैलगाडी, तिफण, वखर, कुळव ही त्याची कामे आणि बाभूळ हे त्याचे नेहमीचे लाकूड. ट्रॅक्टर व लोखंडी अवजारे आली तशी ही कामे ओसरली. हत्यारे मात्र अजून घरात आहेत आणि हातही बसलेला आहे. अशा कारागिरांना कोणते नवे काम देता येईल याचा विचार करताना कोरीव आस्वादफळी ही वस्तू अभ्यासण्यासारखी आहे.

आस्वादफळी म्हणजे तीन-चार लहान पेले ओळीने ठेवण्याची लाकडी फळी. निरनिराळ्या व्हिस्की थोड्या थोड्या चाखून त्यांची तुलना करण्याची पद्धत परदेशात रूढ आहे. सौम्य चवीपासून उग्र चवीकडे जायचे, म्हणून पेल्यांचा क्रम बिघडू नये यासाठी प्रत्येक पेल्याला फळीत गोल खाच आणि खाचेपुढे कोरलेला अंक असतो. बंगळूरची ‘अमृत’ ही सिंगल माल्ट व्हिस्की २००४ साली ग्लासगो येथे प्रथम विक्रीस आली. गोव्याच्या ‘पॉल जॉन’ने २०१२ मध्ये या क्षेत्रात पाऊल टाकले. नाशिककडील द्राक्षमद्यशाळांतही चव घेण्यासाठी स्वतंत्र दालने आहेत. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथे प्रश्न नाही. सुतार विकतो ते लाकूड. तीच फळी मध, सरबत किंवा चहाचे नमुने मांडण्यासही चालते.

या कामातील खरी अडचण कोरण्यात नसून शेवटच्या हातात आहे. आपल्याकडील सुतार लाकडाला चकाकी आणतो ती चपडी लाखेच्या पॉलिशने. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ती बोळ्याने घासायची, हे तंत्र त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. खुर्चीला किंवा दाराला ते उत्तमच. परंतु स्पिरिट म्हणजे मद्यार्क, आणि व्हिस्कीतही तोच असतो. पेला डचमळून चार थेंब फळीवर सांडले आणि तसेच राहिले की लाखेचा थर मऊ पडतो व पांढुरके वर्तुळ उमटते. सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाखेचे रंग कितीही मनोहर असले तरी या वस्तूला ते उपयोगाचे नाहीत. पहिल्याच वापरात डागाळलेला माल परत येतो आणि नवशिक्या कारागिराचे भांडवल बुडते.

यावरील उपाय मराठवाड्याच्या शेतातच आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. हा वाळलेला थर मद्यार्कात सहजी विरघळत नाही. घाण्यावरचे खाद्य तेल पातळ हाताने लावावे, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून टाकावे आणि पुढचा हात काही दिवसांनी, आधीचा पूर्ण सुकल्यावरच द्यावा. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून बहुधा धातूंची संयुगे घातलेली असतात. खाण्यापिण्याच्या वस्तूस ते वापरू नये. शेंगदाण्याचे तेल वाळतच नाही, चिकट राहून खवट होते. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्यांची गुंडाळी करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि ती कोंडली गेली तर चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

लाकडाची निवड करताना वासाचा विचार अगत्याचा आहे, कारण व्हिस्कीची परीक्षा निम्मी नाकाने होते. चंदन किंवा उग्र वासाचे ताजे लाकूड म्हणूनच नको. बाभूळ जड व कठीण असली तरी चिवट आहे. शिसव सुरेख दिसते. सागवान टिकाऊ खरे, पण त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे वर लावलेले तेल वाळण्यास वेळ लागतो. सागवान, आंबा, चिंच ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत येतात, हेही ध्यानात ठेवावे. लाकूड कोणतेही असो, ते मुरलेले हवे. एक इंच जाडीला सुमारे वर्षभर सावलीत वाळवणे हा जुना अंदाज आहे. उन्हाळ्यात घाईने केलेली ओली फळी पुढे पिळवटते आणि पेले डुगडुगू लागतात.

खाच पेल्याच्या तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद व पाच-सहा मिलिमीटर खोल असावी. त्यानंतर अक्षरे. देवनागरीत येथे एक गंमत आहे. शिरोरेषा रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीला, येते. त्यामुळे ती कोरणे सोपे, पण पटाशी लाकडाच्या रेषेबरोबर पुढे निसटण्याचा धोकाही तितकाच. म्हणून शिरोरेषेची दोन्ही टोके आधी आडव्या घावाने बंद करावीत. ‘ठ’ किंवा ‘ढ’ यांच्या पोटातील लाकूड चटकन उडते. अशी अक्षरे मोठी काढावीत. पेयाचे नाव कोरू नये. ते बदलते, अंक कायम राहतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि सवलतीचे कर्ज अशी तिची रचना आहे. ग्रामीण भागात अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. तेव्हा अवजारे मिळणारा कारागीर पुढे काय घडवणार, याची चौकशी सदस्यांना तेथेच करता येईल.

शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला मद्याशिवायही हा पाठ देता येतो. एकाच लाकडाचे दोन तुकडे घ्यावेत. एकास लाखेचे पॉलिश, दुसऱ्यास जवस तेल लावून महिनाभर सुकू द्यावे. शिक्षकांनी प्रयोगशाळेतील स्पिरिट निम्म्या पाण्यात मिसळून दोहोंवर थेंब टाकावेत आणि दुसऱ्या दिवशी मुलांना तुकडे पाहू द्यावेत.