वर्गात श्रद्धा दिसते कशी?

प्राथमिक शाळेतल्या ख्रिस्ती शिक्षकाने आपली श्रद्धा कशी जगायची? मला सिंथिया फरार आठवतात. त्या १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांचं काम पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईही फरारबाईंकडे शिकवायला शिकल्या. दोघांनीही बाप्तिस्मा घेतला नाही. म्हणून फरारबाईंची सेवा वाया गेली का? मुळीच नाही; ती वर्गावर्गांतून पुढे गेली.

आता नवागाम बघा. खानदेशी घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत प्रमाण मराठी. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मग शिक्षकाच्या हाती काय उरतं? मला वाटतं, बरंच काही. पहिलीतलं पोर ‘मन्हं नाव’ म्हणालं, तर हसायचं नाही, कुणाला हसू द्यायचं नाही. नाव ऐकून घ्यायचं, मग ‘माझं नाव’ शिकवायचं. येशूने लेकरांना अडवू दिलं नाही. भाषेच्या उंबऱ्यावरही ती अडायला नकोत.